हातचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे १९ जण मिनीबस करून पंढरपूरला जाऊन आलो. गाडीचं भाडं ११,४०० रुपये झालं. रात्री कोरेगावला मामांच्या अंगणात सगळे पाय पसरून बसले होते, गाडीवाला पैशांसाठी फाटकाशी उभा होता, आणि मामांनी नेमकं माझ्याकडे बघून विचारलं, "सांग बघू, माणशी किती आले?"

माझं वय ४४. मुद्रितशोधन करून पोट भरते. चारशे पानांच्या पुस्तकात एक वेलांटी चुकली असेल तर ती मला दिसते. पण त्या प्रश्नासरशी ११,४०० हा आकडाच डोळ्यांपुढून पुसला गेला. कानशिलं तापली, तळहातांना घाम सुटला आणि डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं : सगळे बघताहेत. मी पर्समधला मोबाइल चाचपेपर्यंत भाच्याने 'सहाशे' म्हणून टाकलं होतं. कोणी हसलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मामांच्या मात्र आलं.

मामा ७८ वर्षांचे आहेत. त्यांनी ३७ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना शिकवलं. जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघं पडवीत बसलो ते पार बारा वाजेपर्यंत. त्या रात्री आमचं एकमत झालं नाही. तरी ते बोलणं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण माझ्यासारखी मोठी माणसं पुष्कळ आहेत आणि ही गोष्ट ती सहसा कोणाजवळ बोलत नाहीत. नवऱ्याजवळसुद्धा नाही.

"तुला येत नव्हतं असं मला वाटत नाही," मामांनी सुरुवात केली. "तू करायलाच घेतलं नाहीस."

"करायला घ्यायचं तर आकडा डोक्यात टिकायला हवा. तोच टिकला नाही."

"अगं, एकोणीस हा शब्दच वाट दाखवतो. एक उणा वीस. वीस जण असते तर माणशी किती? अकरा हजार चारशेचे निम्मे सत्तावन्नशे, त्यातलं एक शून्य काढ, पाचशे सत्तर. आता विसावा माणूस आलाच नाही म्हण. त्याचे पाचशे सत्तर उरलेल्या एकोणिसांनी वाटून घ्यायचे. एकोणीस त्रिक सत्तावन्न, म्हणजे तीस-तीस रुपये वाढले. झाले सहाशे."

ऐकून मला खरोखर आनंद झाला. न आलेल्या माणसाचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा, ही कल्पनाच किती घरगुती आहे! आणि ती मला एका दमात समजली. तसं मी मामांना सांगितलंही : समजण्याची अडचण मला कधीच नव्हती.

"मग सरावाची आहे," ते म्हणाले. "मी सत्तेचाळीसचा. चौथीत होतो तेव्हा नवे पैसे आले, १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आम्हाला तीसपर्यंतचे पाढे तर होतेच, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. सव्वा आण्याला एक या भावाने सोळा वस्तू घेतल्या की दुकानदाराच्या आधी आमच्या तोंडातून सव्वा रुपया निघायचा. विचार करावाच लागायचा नाही. पाठांतराला हल्ली सगळे नावं ठेवतात. पण पाठ असलेली गोष्ट डोक्याला ओझं होत नाही."

"पाढे मलाही पाठ होते, मामा. त्यांच्याबरोबर आणखीही काही पाठ झालं, त्याचं काय करू?"

मग मी त्यांना शनिवारची गोष्ट सांगितली. सकाळची शाळा, तोंडी गणिताचा तास. सगळ्या वर्गाने उभं राहायचं, उत्तर दिलं की खाली बसायचं. शेवटी उभ्या राहिलेल्या तिघा-चौघांत मी असायचेच. 'सात नवे?' असं विचारलं की माझी नजर खिडकीकडे जायची. त्या खिडकीला नऊ गज होते, ते मला अजून आठवतात.

"मारायच्या बाई?"

"कधीच नाही. 'हिला वेळ लागेल, आपण पुढे जाऊ,' एवढंच म्हणायच्या. सगळे पुढे जायचे. मी उभीच असायचे."

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"मीही मुलांना उभं करत होतो," ते म्हणाले. "एक मास्तर, दोन वर्ग, चाळीस मुलं. त्याशिवाय पाठ करणार कोण? माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज बाजार समितीत, बँकेत आकड्यांची कामं झरझर करतात."

"आणि ज्यांनी शाळा सोडली?"

"त्यांचा हिशेब माझ्याकडे नाही."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने मान्य केलं की पुढे जरा जपून बोलावं असं मला वाटलं. गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते मी वाचत आले आहे. आपल्याला नेमकं काय होतं, याला नाव मिळावं म्हणून. मी त्यांना अमेरिकेतल्या मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. माणसांना काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगितली आणि ती मनात धरूनच बेरजा करायला दिल्या. बिनहातच्याच्या बेरजा सगळ्यांना जमत होत्या. हातच्याची बेरीज आली आणि लक्षात ठेवायची अक्षरंही वाढली, की गणिताची धास्ती असणाऱ्यांच्या चुका इतरांपेक्षा फार वाढायच्या.

"म्हणजे बघा, हातचा ठेवायला मनात एक छोटीशी जागा लागते," मी म्हटलं. "तीच जागा भीती अडवून बसते. माणूस मठ्ठ नसतो. त्याच्याकडे त्या क्षणी हातचा ठेवायला जागा नसते."

मामा एकदम सावरून बसले. "अगं, मग मी दुसरं काय सांगतोय? जागा थोडी आहे ना? मग सात नवे त्रेसष्ट पाठ असलं की तेवढी जागा वाचते! ज्याला ते बोटं मोजून काढावं लागतं त्याची सगळी जागा तिथेच संपते, हातच्याला काही उरत नाही. तुझा प्रयोग माझ्या बाजूने बोलतो."

"माझ्याही बाजूने बोलतो. उभं करून पाठ करून घेतलं तर पाढा आणि भीती दोन्ही एकदमच आत जातात. पाढ्याने वाचवलेली जागा भीती खाते."

यावर मामांकडे उत्तर नव्हतं आणि त्यांच्या म्हणण्यावर माझ्याकडे नव्हतं. मला आजही वाटतं, या भांडणात आम्ही दोघंही बरोबर होतो आणि म्हणूनच ते मिटण्यासारखं नाही.

शिकागो विद्यापीठात झालेलं इयन लायन्स आणि सियान बायलॉक यांचं २०१२ चं काम मला त्या प्रयोगाहून जास्त लागलं होतं. गणिताला घाबरणाऱ्यांच्या मेंदूत, आता गणित करायचं आहे अशी नुसती खूण दिसली की वेदनेशी संबंधित भाग जागे होतात, असं त्यांना आढळलं. प्रत्यक्ष गणित करताना तसं झालं नाही. संध्याकाळी अंगणात माझं हेच झालं होतं. मला ११,४०० ने काही केलं नाही. 'सांग बघू' या दोन शब्दांनी केलं.

"म्हणजे विचारूच नये?"

"एकटीला विचारा. आणि विचारलं की दुसरीकडे बघा."

मामांनी हे हसण्यावारी नेलं नाही. ते म्हणाले, वर्गात एखाद्या मुलाला आकड्यांचंच वावडं असायचं. तीन मोठे की पाच मोठे हेही त्याला चटकन दिसायचं नाही, आणि अशा मुलाला उभं करून काही उपयोग नसतो हे त्यांना फार उशिरा कळलं. त्याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, ती वेगळी अडचण आहे, तिची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. माझं तसं नाही. बरीच वर्षं मात्र मी स्वतःला त्याच खात्यात टाकून मोकळी झाले होते.

"पण तुमच्या एकोणीसचं कौतुक मला पूर्ण पटलेलं नाही," मी म्हटलं. "एकोणसत्तर ऐकलं की माझा हात अजून ७९ लिहायला जातो. कान 'सत्तर' पकडतो आणि सात लिहून मोकळा होतो. बासष्टमध्ये दोन आधी बोलायचे आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. आणि एकोणनव्वदपर्यंत 'एक उणा'चा नियम चालतो, मग नव्व्याण्णवला तो अचानक बदलतो. लहानपणी मला कोणी सांगितलंच नाही की हे अवघड आहे. मला वाटायचं, मीच अवघड आहे."

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणं शांतपणे मांडली. संख्यानामांतली जोडाक्षरं मुलांना जड जातात, हेही सांगितलं. त्यांच्यावर झालेली टीका वाचताना मला वाईट वाटत होतं. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यासारख्या मुलीची बाजू घेतली होती आणि लोक भाषा बुडाली म्हणत होते. मामा त्या वेळी कोणत्या बाजूला होते, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं.

"मी गप्प बसलो," मामा म्हणाले. "गावात सगळे तावातावाने बोलत होते. पण पहिली-दुसरीच्या मुलांना मी स्वतः आधी 'साठ आणि दोन' असंच शिकवत होतो. दोन महिन्यांनी बासष्टवर यायचो. बासष्ट सोडायचं नाही, हे माझं मत आजही आहे. तो शब्द गेला तर एकोणीसमधली ती युक्ती पण जाईल."

"एवढं तेव्हा चारचौघांत बोलायला हवं होतंत."

"हवं होतं," ते म्हणाले.

मामी आतून दोनदा हाक मारून गेल्या. मी विषय मंडईवर नेला, कारण तिथे माझी बाजू भक्कम होती. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला गिऱ्हाईक बनून विचारलं, ३५ चा एक असे दहा नारळ कितीला? शाळा म्हणते, पुढे शून्य ठेव. मुलाने तसं केलं नाही. तिनाचे १०५, हे त्याला रोजच्या धंद्याने माहीत होतं. आणखी तीन म्हणजे २१०, पुन्हा तीन म्हणजे ३१५, वर एक : ३५०. गाडीपाशी विचारलेली ९८ टक्के गणितं या मुलांनी बरोबर सोडवली. तशीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली.

"तीच मुलं, मामा. तीच डोकी."

"मला नवल नाही वाटत. आपल्या मंडईतली बाई ३८७ चं बिल झालं आणि पाचशेची नोट दिली तर वजाबाकी करते का? तीनशे नव्वद, चारशे, पाचशे असं म्हणत तीन, दहा, शंभर हातावर ठेवते. हातचा घ्यायचाच नाही. पण दुसरी बाजूही बघ. शाळेत शिकणारी मुलं बाजारातला हिशेब करू शकतात का?"

हे त्यांनी नेमकं विचारलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीत केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला आहे. बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशेबात तरबेज होती आणि पाठ्यपुस्तकातल्या गणितांपुढे अडत होती. शाळेत जाणाऱ्या, कामाची सवय नसलेल्या मुलांचं बाजारातल्या गणितापुढे तसंच होत होतं. इकडचं तिकडे जात नाही.

"मग पूल बांधायला हवा," मामा म्हणाले. "आणि तू म्हणतेस मोबाइल आहे, पुलाची गरज काय."

मी तसं म्हटलं नव्हतं, पण मनात ते होतं. पाठवायची रक्कम मोबाइल दाखवतो, सुट्ट्या पैशांचा प्रश्न येत नाही, हॉटेलातलं बिल माणशी वाटून देणारी सोय फोनमध्ये आहे. लाज वाटण्याचे प्रसंग कमी झाले, याचं मला मोल आहे. ज्याला चालता येत नाही त्याच्या हातातली काठी काढून घेऊन त्याला धीट कसं करणार?

पण मग मी त्यांना दुचाकीच्या कर्जाची गोष्ट सांगितली. ती मी त्याआधी कोणालाच सांगितली नव्हती. एक लाख रुपये, शेकडा दहा, तीन वर्षं. माणूस समोर बसून भराभर बोलत होता, मध्येमध्ये 'समजलं ना मॅडम?' म्हणत होता. मला फक्त त्या खुर्चीतून उठायचं होतं. 'समजलं' म्हणाले आणि सही केली. हप्ता ३,६११ रुपये.

मामांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहायला घेतलं. लाखावर दहा टक्क्यांनी वर्षाचे दहा हजार, तीन वर्षांचे तीस. एक लाख तीस हजार भागिले छत्तीस. "हप्ता बरोबर आहे. पण दर महिन्याला तू मुद्दल फेडत होतीस की नाही? शेवटच्या वर्षी तुझ्याकडे त्यांचे तिसऱ्या हिश्श्याइतके पैसेसुद्धा नव्हते. व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो."

मी काही बोलले नाही.

"तेव्हा मोबाइल होता ना तुझ्याकडे?"

"होता."

"त्याला काय विचारायचं हे त्याला कुठे माहीत असतं?" मामांचा आवाज चढला नव्हता. "मी तुला ओरडत नाहीये. मला राग त्या माणसाचा येतोय. समोरचा घाबरलाय हे त्याला कळलं होतं. तुझ्यासारखी माणसं आकड्यापुढून उठून जातात ना, तिथेच ही मंडळी आपली खुर्ची टाकतात. पाढ्यांचा आग्रह मी उगाच धरत नाही."

त्या रात्रीत मला सगळ्यात खोल गेलेलं वाक्य हे होतं, आणि ते माझ्या विरुद्ध बाजूने आलं होतं. परीक्षा कधीच मागे पडली, पण सही करायच्या जागा पुढेही येणारच आहेत. आता मी असल्या कागदापुढे एक ठरलेलं वाक्य बोलते : 'हे मी घरी नेऊन बघते.' ते बोलायला मला वर्षं लागली. घरी आधी पाच-सात मिनिटं, मला कशाची भीती वाटते आहे ते वहीत लिहून काढते. बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे करून पाहिलं होतं आणि धास्ती असणाऱ्यांची कामगिरी त्याने सुधारली होती. माझी भीती लिहिली की दोन ओळींत संपते. 'चुकेल. लोक बघतील.' इतकी छोटी गोष्ट एवढी जागा अडवून बसली होती, हे कागदावर दिसतं. मग आकडे मोठ्याने म्हणते, डावीकडून, आधी हजार, मग शंभर. बोटांची पेरंही मोजते.

"पेरं?" मामांनी मान हलवली. "वर्गात मी बोटांना हात लावू द्यायचो नाही."

"तुमची आई काय करायची?"

आजीला अक्षरओळख नव्हती. दुधाच्या रतिबाच्या रेघा ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने ओढायची आणि महिनाअखेर अंगठ्याने पेरं मोजत, चार बोटांची बारा, गवळ्याशी हिशेब करायची. तिला फसवणारा गवळी आम्ही पाहिला नाही. तिला कोणी कधी उभं केलं नव्हतं.

मामा नुसते भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या मुलाचं गणित कोण घेतं?"

"त्याचे बाबा. तो गणिताची वही काढतो तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाते. गणिताची धास्ती असलेले आईबाप पहिली-दुसरीतल्या मुलांचा गृहपाठ वारंवार घेतात तेव्हा मुलं कमी शिकतात आणि तीही घाबरायला लागतात, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, २०१५ च्या. ते वाचल्यापासून मी उठून जाते."

"आणि आई उठून जाते हे तो रोज बघतो," मामा म्हणाले.

सकाळी मी उठले तेव्हा पडवीत पंढरपूरच्या जेवणाची बिलं आणि एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू, तिच्यावर पेन्सिल, असं ठेवलेलं होतं. मामा अंगणात माझ्याकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत होते. चांगला अर्धा तास घालत होते.

दोन वेळची १९-१९ ताटं, ताटाला १४०. चहा-नाश्त्याचे एकूण १,३३०. माझ्या जागी मामा असते तर त्यांनी आधी सगळी बेरीज केली असती आणि मग भागाकार. मी बेरीज केलीच नाही. एका माणसाची दोन ताटं २८०. राहिले चहा-नाश्त्याचे. वीस जणांना सत्तर-सत्तर म्हणजे १,४००, विसावा आलाच नाही, त्याचे सत्तर वजा, बरोबर १,३३०. म्हणजे माणशी ३५०, आणि गाडीचे सहाशे धरून ९५०. दोनदा तपासलं. हात थरथरत नव्हता.

मामा पायऱ्या चढून आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. आकडा मीच सांगितला, कसा काढला तेही सांगितलं. त्यांनी पत्रिका हातात घेऊन नीट बघितली.

"वाट चांगली आहे," ते म्हणाले. "आता सातचा पाढा म्हण."

"मामा, मी उभी राहून म्हणणार नाही."

"बसून म्हण," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले.